पुण्याच्या लष्करातली काळी ट्रंक

माझी पुतणी नुकतीच चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतले ४९ आठवड्यांचे प्रशिक्षण पूर्ण करून सिग्नल कोरमध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन दलात, लेफ्टनंट झाली. पहिली नेमणूक ईशान्य भारतात, पुढे तरुण अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमासाठी मध्य प्रदेशातल्या महूला जाणे, आणि मध्ये जेमतेम तीन आठवड्यांची सुट्टी. तिने चाकांच्या दोन देखण्या सुटकेस मोबाईलवर निवडून ठेवल्या होत्या. त्या घ्यायला माझी हरकत नव्हती, पण त्याआधी एक लोखंडी ट्रंक करून घेऊ या, असे मी तिला म्हटले आणि पुण्याच्या लष्कर भागातल्या एका जुन्या दुकानात घेऊन गेलो. मी स्वतः २६ वर्षे मराठा लाइट इन्फंट्रीत काढली. माझी पहिली ट्रंक १९८४ साली याच गल्लीत झाली होती आणि ती आजही माझ्या खोलीत आहे. दुकानाचे नाव छापू नये, हाताला आहे तेवढेच काम पुरे आहे, अशी मालकांची विनंती असल्याने ते लिहीत नाही. त्या भागात पत्र्याचे काम करणारी आणखीही दुकाने आहेत. खाली लिहिलेले कुठेही ट्रंक घेताना उपयोगी पडेल.

आधी वस्तूविषयी. आम्ही ३६ इंच लांब, १८ इंच रुंद आणि १६ इंच उंच अशी एक मोठी ट्रंक सांगितली. मालकांनी दोन पत्रे समोर ठेवले, २२ गेजचा आणि २४ गेजचा. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे नव्या गिऱ्हाईकाला ठाऊक नसते आणि काही ठिकाणी त्याचा फायदा घेतला जातो. या दुकानात मात्र त्यांनी स्वतःहून दोन्ही पत्रे पुतणीच्या हातात देऊन वाकवून पाहायला लावले. २४ गेजची ट्रंक घरात गाद्या-गोधड्या ठेवायला चांगली. जी ट्रंक ट्रकमध्ये चार ट्रंकांच्या खाली जाणार आहे, ती २२ गेजचीच हवी. रिकामी ट्रंक सुमारे १४ किलो भरली. सांधे दुमडून ठोकलेले आहेत, कोपऱ्यांवर वेगळ्या पट्ट्या रिव्हेटने बसवल्या आहेत, बिजागरी मागच्या कडेला सलग आहे. झाकणाची कड आत वळवून बोथट केली आहे की नाही हे बोट फिरवून पाहावे; तशी केलेली नसेल तर घाईघाईत सामान काढताना मनगट कापते. इथे ती व्यवस्थित वळवलेली होती.

एक बदल मी सांगून करून घेतला. दोन्ही बाजूंच्या कड्या नेहमीपेक्षा मोठ्या करायला लावल्या, इतक्या की जाड हातमोजा घातलेली चार बोटे आरपार जावीत. थंड प्रदेशात उघड्या हाताने लोखंड धरवत नाही आणि लहान कडीत हातमोजा शिरत नाही. मग माणसे ट्रंक खालून उचलतात आणि बोटे चेमटतात. मालकांचा मुलगा हे ऐकून लगेच आत गेला, स्वतःचा हात जाड फडक्यात गुंडाळून त्याने कडीचे माप घेतले आणि त्या मापाने सळी वाकवली. कामावरची अशी आस्था हल्ली विकत मिळत नाही, म्हणून तिचा मुद्दाम उल्लेख करतो.

आता उणिवा. ट्रंक गुरुवारी देण्याचे कबूल केले होते, ती शनिवारी संध्याकाळी मिळाली. ज्याची गाडी ठरलेली आहे त्याला दोन दिवस फार असतात, म्हणून निघण्याच्या किमान १० दिवस आधी काम सांगावे. आतला रंग पुरता वाळलेला नव्हता. आम्ही अंथरलेले वर्तमानपत्र तळाला चिकटले आणि ते खरवडून काढावे लागले. कोयंडा कडीवर बरोबर बसत नव्हता, पाव इंचाचा फरक होता. दुसऱ्या दिवशी परत नेल्यावर त्यांनी दहा मिनिटांत, पैसे न घेता तो सरळ करून दिला, पण ट्रंक हातगाडीवरून परत नेण्याचा त्रास आम्हाला झालाच. नाव रंगवणारा पेंटर आठवड्यातून दोनच दिवस येतो, हेही आधी विचारून घ्यावे. मोठ्या ट्रंकेचे आम्ही ४,२०० रुपये दिले, नाव रंगवण्याचे वेगळे २००.

रेल्वेने जाणाऱ्याने एक मोजमाप ध्यानात ठेवावे. प्रवासी डब्यात सोबत नेण्याच्या ट्रंकेची कमाल मर्यादा १०० × ६० × २५ सेंटीमीटर आहे, आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत व चेअर कारमध्ये ती ५५ × ४५ × २२.५ सेंटीमीटर इतकीच. म्हणजे १६ इंच उंचीची मोठी ट्रंक बर्थखाली जाणार नाही. ती आधी बुक करून ब्रेकव्हॅनमधूनच, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातूनच, पाठवावी लागते. म्हणून आम्ही साडेनऊ इंच उंचीची दुसरी, लहान ट्रंक करून घेतली. पोहोचल्यावर पहिले आठ दिवस जे लागणार ते सारे या लहान ट्रंकेत असावे, कारण मोठी मागाहून येते आणि केव्हा येईल ते सांगता येत नाही.

या लहान ट्रंकेचे महत्त्व मला पहिल्या नेमणुकीत कळले. मी तीन मोठ्या ट्रंका घेऊन पलटणीत हजर झालो होतो. पुस्तके, क्रिकेटचे सामान, आईने दिलेले डबे, एक टेबलफॅनसुद्धा. महिनाभरात कंपनीला रात्रीतून हलण्याचा हुकूम आला. पाऊस होता, ट्रक उतारावर उभे होते, आणि माझ्या तीन ट्रंका चढवायला चार जवान लागले, जे त्या वेळी दारूगोळ्याच्या पेट्या चढवत असायला हवे होते. आमच्या सुभेदार साहेबांची नोकरी त्या वेळी माझ्या वयाहून थोडीच कमी असेल. त्यांचे सामान म्हणजे एक होल्डॉल (बिछान्याची वळकटी) आणि एक लहान ट्रंक, दोन्ही त्यांनी स्वतः उचलून ठेवले होते. ते माझ्याजवळ आले आणि अगदी सरळपणे विचारले, "साहेब, यातली रोज लागणारी कुठली?" मला उत्तर देता आले नाही. तिन्ही ट्रंकांत थोडे थोडे रोजचे सामान होते. शेवटी तिन्ही चढवाव्या लागल्या. त्यांनी त्यावर पुढे एक शब्दही काढला नाही, त्या रात्री नाही आणि नंतरही नाही. पुढच्या सुट्टीत मी दोन ट्रंका घरी पोहोचवून आलो.

पुतणीला मी हे दुकानातच सांगितले, कारण कुठले माप घ्यायचे हे ठरवण्यापूर्वी ते सांगणे जरूर होते. अधिकाऱ्याचे सामान बहुतेक वेळा दुसरा कोणीतरी उचलतो. तो नकार देऊ शकत नाही, आणि तोंडाने काही बोलतही नाही. म्हणून भरलेल्या ट्रंकेचे एक टोक आपण स्वतः उचलून पाहायचे आणि दुसऱ्या टोकाशी कोण असेल याचा विचार करायचा. सुभेदार किंवा नायब सुभेदार यांच्याशी तरुण अधिकाऱ्याचे नाते कसे असावे यावर अकादमीत व्याख्याने होतात आणि ती चांगली असतात. पण बावीस वर्षांच्या लेफ्टनंटला वीस-बावीस वर्षे नोकरी झालेला माणूस सलाम करतो, त्या सलामाला आपण पात्र आहोत की नाही, याचा अंदाज तो माणूस बांधतो ते अशाच साध्या गोष्टींवरून: तंबू कोणी ठोकला, जेवण आधी कोणी घेतले, सामान किती आणले.

ट्रंकेवर नाव कसे लिहावे, याविषयीही दोन शब्द. रिवाज असा की काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत क्रमांक, हुद्दा आणि नाव लिहायचे. युनिटचे नाव किंवा ठिकाण लिहू नये; रेल्वेच्या फलाटावर ते वाचण्याची कुणाला गरज नसते. हुद्द्यासाठी थोडी मोकळी जागा ठेवायला सांगावे, कारण तो बदलतो. माझ्या जुन्या ट्रंकेवर उजेड तिरका पडला की 'लेफ्टनंट कर्नल' या अक्षरांखाली मेजर, त्याखाली कॅप्टन आणि अगदी तळाशी पुसटशी 'सेकंड लेफ्टनंट' अशी अक्षरे अजून उठून दिसतात, कारण दर वेळी नुसता काळा हात मारून वर नवे लिहिले गेले. नावाची अक्षरे मात्र एकदाच रंगवलेली आहेत. दुकानातल्या पेंटरने पुतणीचे नाव स्टेन्सिल न वापरता, दोरी धरून सरळ रेषेत, हाताने काढले. अक्षर स्वच्छ आहे आणि दुरून वाचता येते.

ट्रंक हे नुसते सामान ठेवण्याचे साधन नाही, हे लष्करी घरात वाढलेल्या मुलांना सांगावे लागत नाही. दोन-तीन वर्षांनी बदली होते, नव्या क्वार्टरमध्ये फर्निचर मिळायला वेळ लागतो, आणि तोवर दोन ट्रंका शेजारी ठेवून त्यांवर गादी टाकली की बसायची जागा होते. माझ्या पत्नीने शिवलेली ट्रंकांची कव्हरे आठ ठिकाणी वापरली गेली आणि माझ्या मुलाने तिसरीपर्यंतचा अभ्यास ट्रंकेवर वही ठेवूनच केला. म्हणून झाकण सपाट आणि भक्कम असावे. मधोमध हाताने दाबून पाहावे, पत्रा 'टक' असा आवाज करून आत जात असेल तर खालून आडवी पट्टी मारून घ्यावी. आमच्या ट्रंकेला त्यांनी ती न सांगता मारली होती.

आत काय ठेवावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. दमट हवेत पट्टे, बूट आणि लोकरी कपडे यांना बुरशी लागते, तेव्हा डांबराच्या गोळ्या, वाळलेली कडुलिंबाची पाने आणि महिन्यातून एकदा ऊन, एवढे पुरते. एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगतो: कागदपत्रांसाठी झाकणाचा चपटा पत्र्याचा डबा वेगळा ठेवावा. त्यात भविष्य निर्वाह निधीचे आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे कागद, वारसदाराच्या नोंदीची प्रत, बँकेचा तपशील आणि मेसचे बिल चुकते केल्याच्या पावत्या असाव्यात. लग्न झाले, मूल झाले की त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सेवेतले व घरचे बदल नोंदवणाऱ्या युनिटच्या आदेशात, वेळेवर लागली आहे का ते स्वतः पाहावे. तरुण अधिकारी आपल्या जवानांच्या या नोंदी तपासतो आणि स्वतःची नोंद राहून जाते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

आणि सर्वात महत्त्वाचे, झाकणाच्या आतल्या बाजूला सामानाची यादी चिकटवलेली असावी. यामागे १९८८ सालची एक सकाळ आहे. आमच्या कंपनीतला नाईक हुद्द्याचा एक जवान डोंगरातल्या रस्त्यावर वाहन दरीत कोसळून गेला. सैन्यात कुणाचा मृत्यू झाला की त्याच्या खाजगी मालमत्तेची व्यवस्था १९५० च्या एका कायद्यानुसार केली जाते; त्यासाठी युनिटमध्ये समिती नेमतात, ती एकेक वस्तू नोंदवते, देणे-घेणे पाहते, आणि मग सामान घरच्यांकडे जाते. त्या समितीत मी होतो, कॅप्टन, चार वर्षांच्या नोकरीचा. बराकीत त्याच्या खाटेजवळ ट्रंक उघडली तेव्हा झाकणाच्या आत वहीचा कागद डकवलेला होता आणि त्यावर त्याच्या बाळबोध अक्षरात सगळे लिहिलेले होते. वरच्या थरात गणवेश, डावीकडे दाढीचे सामान, उजव्या कोपऱ्यात पोस्टाचे पासबुक आणि मनीऑर्डरच्या पावत्या सुतळीने बांधलेल्या. कुणाकडून वीस रुपये येणे आणि कुणाला पस्तीस देणे, हेही शेवटी नोंदलेले. आम्हाला काहीही धुंडाळावे लागले नाही. त्याच्या वस्तूंमध्ये हात घालून उलथापालथ करण्याची वेळ त्याने आमच्यावर येऊ दिली नाही. तळाशी फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी निघाली. आत राजम्याचे बी होते, आम्ही होतो त्या डोंगरातले, आणि सोबत चिठ्ठी, 'जूनमध्ये लावणे'. तो सातारा जिल्ह्यातला शेतकऱ्याचा मुलगा होता. नोंदीच्या तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. मी 'बियाणे, अंदाजे पाव किलो' असे लिहिले आणि सही केली.

त्या रात्री मी माझी स्वतःची ट्रंक उघडून बसलो. कुणाचे दोनशे रुपये देणे होते ते कुठेच लिहिलेले नव्हते, विम्याचे कागद एका कादंबरीत होते, आणि आईची पत्रे मोज्यांच्या खाली. उद्या कुणी ही उघडली तर त्याला काय काय हाताळावे लागेल, याची लाज वाटली. तेव्हापासून यादी नेहमी झाकणावर असते.

पुण्याशी नाते असलेल्या दोन अधिकाऱ्यांच्या सामानाची आठवण मी पुतणीला याच वेळी सांगितली. दोघेही पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे, दोघेही परमवीरचक्राचे मानकरी. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत शिकले. सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोटच्या आघाडीवर त्यांनी आपल्या सहकारी अधिकाऱ्याला सांगून ठेवले होते की आपण पडलो तर अंत्यसंस्कार रणभूमीवरच व्हावेत, प्रार्थनेचे पुस्तक आईला द्यावे आणि फाउंटनपेन मुलाला. १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. रणगाड्यांची लढाई चालू असताना ज्याला कुठली वस्तू कुणाकडे जायची हे माहीत होते, त्या माणसाच्या मनातली स्वच्छता मला फार मोठी वाटते. दुसरे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. त्यांचा जन्म पुण्याचा, १९५० चा. जून १९७१ मध्ये कमिशन मिळाले, आणि युद्धाची चिन्हे दिसू लागली तेव्हा ते अहमदनगरला तरुण अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमात होते. तो अर्धवट सोडून रेजिमेंटला जाऊन मिळाले. आघाडीवर निघताना त्यांनी गोल्फच्या काठ्या आणि मेसच्या समारंभाचा गणवेशही बरोबर घेतला होता, लाहोरला गोल्फ खेळायचे आणि नंतर मेसमध्ये जेवण होईलच म्हणून, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, जळता रणगाडा सोडण्यास त्यांनी नकार दिला.

पुतणीने विचारले, "काका, मग तुमच्या हिशेबाने गोल्फच्या काठ्या जास्तीचं सामान नाही का?" प्रश्न रास्त होता. मी तिला म्हटले की नाही. रोजचे काय आणि जास्तीचे काय हे ज्याला माहीत आहे त्याने एखादी वस्तू केवळ उमेदीसाठी न्यावी, माझी त्याला ना नाही. माझ्या टेबलफॅनमागे तसला काही विचार नव्हता. तिने त्यावर बराच वेळ काही म्हटले नाही, आणि घरी आल्यावर आपली सतार न्यावी की नाही याचा प्रश्न काढला. सतार ट्रंकेत मावत नाही. तिचे वेगळे खोके करून मिळेल का, हे त्याच दुकानात विचारले. लाकडाचे काम ते करत नाहीत, पण कुणाकडे जावे ते त्यांनी नीट समजावून सांगितले.

एकंदरीत मी या दुकानाला पाचपैकी चार गुण देईन. एक गुण उशिरासाठी आणि ओल्या रंगासाठी कापला आहे. पत्रा, सांधे, कड्या आणि अक्षर यांत खोट काढायला जागा नाही, आणि चूक दाखवल्यावर वाद न घालता ती सुधारून देणारे कारागीर आहेत. मोजके पैसे आणि दहा दिवस हाताशी असतील तर तयार ट्रंक घेण्यापेक्षा मापाने करून घ्यावी.

निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही दोघांनी ट्रंक भरली. तिने एक टोक धरले, मी दुसरे, आणि दारापर्यंत नेऊन पाहिली. मग परत आणून तिने स्वतःच दोन जाड पुस्तके आणि एक जोड बूट बाहेर काढले. सामानाची यादी तिने पहिल्यांदा लिहिली ती तिच्या नेहमीच्या घाईच्या अक्षरात. मी चष्मा लावूनही मला ती वाचता येईना. दुसऱ्यांदा लिहिली तेव्हा देण्या-घेण्याचा रकाना राहिला. तिसऱ्यांदा तिने टेबलाशी बसून, एकेक अक्षर सुटे काढत, हिंदीत आणि मराठीत दोन्हीकडे लिहिली, झाकणाच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवली आणि वाळेपर्यंत ट्रंक उघडी ठेवली.